पुरावा काय, अपा?

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.
आजपासून रोज लिहायचं. थोर संशोधकांच्या वह्या त्यांच्या पश्चात सापडतात. माझी सापडली तर कोरी नको.
निमित्त: नोएडाच्या चर्चमध्ये चार शनिवार जाहीर चर्चा, 'सुसमाचार और विज्ञान'. आपलं मराठी शुभवर्तमान ते यांचं हिंदी सुसमाचार. बायको, सुहासिनी, तिथल्या क्वायरमध्ये गाते. मी नाताळात केकपुरता जातो. पण विषयात विज्ञान आलं की माझ्यावाचून पान हलणार नाही. एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत आहे. (काचसामान विभाग. छप्पर एकच.)
गीझर बंद पडलाय. बायको म्हणते, आधी तो बघा. उद्या नक्की.

संध्याकाळ.
एक फिजिक्सचे प्रोफेसर महास्फोट सांगत होते, पास्टर मसीह उत्पत्ती सांगत होते. दोघंही एकमेकांशी इतकं गोड बोलत होते की नवीन व्याही वाटावेत. शेवटी मीच उठलो. हिंदीत ठणकावून सांगितलं, मैंने इकतीस साल संशोधन किया है.
चहाच्या वेळी पास्टर स्वतः आले. म्हणाले, अशाच माणसाच्या शोधात होतो. हातात कागदांचा एक जाड गठ्ठा दिला. चर्चेची पुस्तिका शेवटच्या शनिवारी वाटायची आहे, तेवढं संशोधन करून द्या, मंचावरून तुमचं नाव घेऊ.
म्हणजे पिअर रिव्ह्यू! आणि वर भाषण! ऑफिसात एकतीस वर्षांत मला कोणी साधं मत विचारलं नाही. फुटलेल्या बीकरचा जाब तेवढा विचारतात.
सामोसा थंड होता. चालायचंच.

१० नोव्हेंबर, सोमवार.
नीरजाला बातमी सांगितली. कार्टी हसत सुटली. म्हणे, बाबा, हिंदीत संशोधन म्हणजे चुका दुरुस्त करणं. त्यांना वाटलं तुम्ही प्रूफं तपासता. रिसर्चला हिंदीत शोध म्हणतात.
शोध आपण हरवलेल्या चष्म्याचा घेतो. मुलगी इथे दिल्लीत, आर. के. पुरममध्ये वाढली, मराठी कच्चं राहिलं, दुसरं काय. दोष आमचाच. संकल्प: रोज जेवताना तिला एक अवघड मराठी शब्द शिकवायचा.

११ नोव्हेंबर.
शब्द शिकवला: 'मीमांसा'. तिने चटणी मागितली.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
दुसऱ्या चर्चेला गेलो नाही. हवा भयंकर. संशोधकाची फुप्फुसं ही राष्ट्राची संपत्ती असते. घरी बसून रिव्ह्यू केला. पहिल्याच पानावर देवाने प्रकाश निर्माण केल्याचं वाचून रक्त तापलं. समासात लाल पेनाने मराठीतच लिहिलं: 'पुरावा काय? अ. पा.' अविनाश पाटोळे, लघुस्वाक्षरी. फाइलवर करतो तशीच. पुढे आकाशापाशी: 'कोणी पाहिलं? अ. पा.' मात्रा-वेलांट्यांकडे बघितलंही नाही. ती कारकुनी कामं.
गीझरचं झाकण उघडलं. शॉक बसला. उद्या.

१८ नोव्हेंबर.
सिद्धांत सापडला! ऑफिसात, खुर्चीवरून पडताना.
माझ्या खुर्चीचं चाक 'तीन दिवसांत' येणार होतं. त्याला तीन वर्षं झाली. म्हणजे वरच्या ऑफिसचा एक दिवस म्हणजे आपलं एक वर्ष. मग सगळ्यांत वरच्या ऑफिसचे सहा दिवस म्हणजे अब्जावधी वर्षं व्हायला काय हरकत आहे? फाइल खाली यायला वेळ लागतो. बायबलही खरं, प्रोफेसरही खरे. दोन हजार वर्षांचं भांडण चाकाने मिटवलं.
सहा दिवसांच्या पानाच्या समासात शुद्ध हिंदीत लिहून टाकलं. जगाला कळायला हवं. सही करायचं आनंदाच्या भरात राहिलं.

२१ नोव्हेंबर.
पास्टर म्हणाले, तपासून झालं की थेट करोल बागेतल्या प्रेसला द्या, वेळ कमी आहे. दिलं. प्रेसवाल्याने विचारलं, लाल अक्षरांचं काय करू? मी म्हटलं, जो लिखा है, सब छापना, एक अक्षर मत छोड़ना. माणूस समंजस वाटला.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
तिसरी चर्चा बुडवली. भाषणाची तालीम. खालच्या मजल्यावरच्या गुलाबरावांना सहकुटुंब आमंत्रण दिलं. ते देवही मानत नाहीत आणि विज्ञानही. पण सामोसा मानतात.
सुहासिनी पाणी गॅसवर तापवते आहे. भाषण झालं की गीझर पहिला.

२९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ.
क्रमाने लिहितो.
सूट घातला. तिसरी रांग. एका बाजूला नीरजा, दुसऱ्या बाजूला गुलाबराव. क्वायरमध्ये सुहासिनी. पास्टरांनी करकरीत पुस्तिका उघडली आणि धीरगंभीर आवाजात वाचायला लागले. प्रकाश झाला. आणि त्याच आवाजात, न थांबता: पुरावा काय, अपा.
मी खुर्चीत गोठलो. पास्टरांनी चष्मा पुसला. सभेला वाटलं हिब्रू असावं. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळे मिटून आमेन म्हटलं. मग सगळेच म्हणाले. आकाश झालं. कोणी पाहिलं, अपा. पुन्हा आमेन, आता मोठ्याने. सुहासिनीने गाण्याच्या पुस्तकाआड तोंड लपवलं. गुलाबराव खुर्चीवरून खाली घसरले, हसून.
मग सहा दिवस आले. चाक, खुर्ची, वरचं ऑफिस, सगळं. पास्टर वाचता वाचता स्वतःच हसले, सभा हसली, टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रोफेसर उठून म्हणाले, चार आठवड्यांतला सर्वांत सुंदर दृष्टान्त, पास्टरजी. पास्टरांनी मान लववली.
माझे शब्द. माझी खुर्ची. पडलो मी. टाळ्या त्यांना. फार वाईट वाटलं. मीही टाळ्या वाजवल्या, न वाजवून कसं चालेल.
शेवटी मंचावरून नाव आलं: संशोधन, श्री अविनाश पाटोळे. भाषण खिशातून काढत वर गेलो. माईक क्वायरसाठी उचलून नेलेला होता. हातात चर्चचा कॉफीमग दिला. पुस्तिकेचं मुखपृष्ठ तेव्हा प्रथम पाहिलं. ठळक अक्षरांत: 'सुसमाचार और विज्ञापन'. म्हणजे शुभवर्तमान आणि जाहिरात.
मुखपृष्ठ मला कोणी तपासायला सांगितलं नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती.

३० नोव्हेंबर, रविवार.
जिन्यात गुलाबराव भेटले. हात जोडून म्हणाले, पुरावा काय, अपा. त्यांचा नातूही म्हणाला.
पास्टरांचा फोन आला. आनंदाने घेतला. नाताळच्या गाण्यांची पुस्तिका तपासायची आहे, नीरजाचा नंबर हवा होता.
दिला.
आंघोळीला गार पाणी. सुहासिनीला शपथेवर सांगितलं, गीझर उद्या नक्की. तिने शांतपणे विचारलं, पुरावा काय.
आतल्या खोलीतून नीरजा म्हणाली, आमेन.