अण्णांच्या पाइपांची सफाई

सेलू, मंगळवार, संध्याकाळ

पुण्याहून दादा रविवारी अण्णांचे तंबाखूचे पाइप न्यायला येणार, म्हणून आज खोकी उघडून बसलो. फुटके बाजूला काढले, चांगल्यांच्या नळ्या स्पिरिटनं साफ केल्या. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. आतली काजळी दगड झालीय, चाकूनं खरवडावी लागते. एका पाइपातली मात्र चाकू लावताच मऊ निघाली. राख ओलसर. दोनदा वास घेतला, ताजा.

घरात मी आणि आई, दोघंच. मी ओढत नाही.

आईचा खोकला महिनाभरापासून थांबत नाही. परवा डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी ओढतं का? माझ्याआधी आईच नाही म्हणाली. जन्मभर अण्णांना पाइप घेऊन अंगणात पिटाळणारी बाई. मग ही ओली राख?

पाइप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेवढा ऱ्हाऊ दे. बाकीचे लय लागतात घशाला."

म्हणजे सगळे ओढून बघितले?

उद्या परभणीला एक्स-रे. डॉक्टर परत विचारणार. सांगू का? तिच्यासमोर?

आत्ता जेवताना आई एकदाही खोकली नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबून धरला तिनं.