सभासद नसलेल्या बहिणीचे मृत्युपत्र

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. जुन्या मोटारींच्या क्लबातील काही मंडळींचे मत वेगळे पडेल. ते कोणी मागितलेले नाही. आधीच्या मृत्युपत्रात मी सगळे धाकट्या भावाच्या नावे केले होते. तो गेल्या वर्षी माझ्याआधी गेला, म्हणून ते रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या एकुलत्या एक मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही. तिला रंधा मारून घ्यावा, खिळा ठोकून मोकळे होऊ नये.

२. शिलाई मशीन शेजारच्या शिंपीणबाईंना. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पट्टीने बोटे फोडून मला बारीक टाका शिकवला, तो रुमाल भरण्यासाठी. मी त्याच टाक्याने गाडीच्या सगळ्या सीट शिवल्या.

३. सात फुलदाण्या. क्लबच्या वार्षिक समारंभात सभासदांना चषक मिळतात आणि त्यांच्या घरच्या बायकांना, ‘पडद्यामागचा हात’ म्हणून, फुलदाणी. भाऊ विधुर, म्हणून ती मला. अध्यक्षांना (क्लबात त्यांना ‘हॉर्न’ म्हणतात, समोरच्याचे ऐकण्याआधी वाजतात म्हणून) सातही परत कराव्यात. एकीचा टवका उडाला आहे. ती मी आपटली होती.

४. निळी गाडी व सर्व हत्यारे भाचीला. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

भावाने ती गाडी भंगारातून आणली. सुरुवातीला तो पान्याने नट फिरवायचा आणि मी दिवा धरायचे. मग त्याचे हात थरथरू लागले आणि आम्ही जागा बदलल्या. 

“ताई, पाव आटा अजून.”

“गाडी कोणाची रे ही?”

“आटा तुझा, गाडी माझी.”

असे अकरा वर्षे चालले. मग त्याला झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली, आणि त्याच वर्षी गाडी पूर्ण झाली.

‘उत्कृष्ट पुनर्बांधणी’च्या बक्षिसाच्या अर्जात ‘काम कोणी केले’ असा रकाना असतो. त्यात चौकटी दोनच: ‘सभासद स्वतः’ किंवा ‘गॅरेज’. तो अर्ज भरायला बसला तेव्हा मी त्याला म्हटले, “या वेळी माझं नाव येऊ दे रे.” त्याने होकारार्थी मान हलवली.

समारंभात हॉर्न गरजले, “हे सगळं यांनी एकट्याने, स्वतःच्या हातांनी केलं!” भाऊ मंचावर चढत होता. मी उठले आणि थांबले नाही, थेट घरी आले. तो आला तेव्हा दारातच “ता… ता…” करू लागला. मी म्हटले, “चषक ठेव कपाटात आणि गप्प बस.”

त्यानंतर सदतीस दिवस मी त्याला जेवू घातले, औषधे दिली, सदऱ्याची बटणे लावली. बोलले नाही. अडतिसाव्या दिवशी सकाळी तो उठला नाही.

क्लबचे सेक्रेटरी भेटायला आले ते तो अर्ज घेऊनच. दोन्ही चौकटी खोडलेल्या, आणि खाली डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात: सगळं ताईने केलं. चषक तिला द्या.

“मॅडम, चौकटी खोडल्या की अर्ज बाद होतो,” सेक्रेटरी म्हणाले. “बाद होऊ नये म्हणून मीच ‘स्वतः’वर खूण केली. चांगल्या मनाने केलं हो. आणि तुम्ही निघून गेलात ना, त्यानंतर ते माईक सोडेचनात. ‘ता… ता…’ करत तुमच्या खुर्चीकडे बोट दाखवत होते. आम्हाला वाटलं, गहिवरले.”

मी चौतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. परक्यांचे अर्धे शब्द पुरे होईपर्यंत लाइन धरून ठेवायची, हेच माझे काम होते.

गाडी क्लबच्या प्रदर्शनात उभी करू नये. भाचीने ती चालवावी. सीट फाटल्या तर फाटू द्याव्यात.

५. चषक. त्यावर आता माझे नाव कोरून यंदाच्या समारंभात मला द्यावा, असा ठराव कार्यकारिणीने केला आहे. मी तो नाकारते. नाव त्याचेच राहील. पुन्हा कोणी चांगल्या मनाने काही करायला आले, तर भाचीने दार उघडू नये.

६. एक पाटी. बोलता येईना म्हणून डॉक्टरांनी त्याला ती दिली होती. डाव्या हाताने एक ओळ लिहायला त्याला अर्धा तास लागे. त्या सदतीस दिवसांत तो पाटी घेऊन माझ्यासमोर बसला, की मी खोलीतून उठून जायचे. आता ती कपड्यांच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. भाचीने ती घ्यावी, पण पुसू नये. तिच्यावर ‘ताई, मी’ एवढेच आहे. पुढचे लिहायचे राहिले.

हे सर्व मी पुन्हा एकदा वाचले. बदलण्यासारखे काही नाही.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार:
१. क्लबचे सेक्रेटरी (सही). फक्त सही करावी, काही सुधारू नये.
२. आमचे डॉक्टर (सही)

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: सतरा नोव्हेंबर