गोळीच्या आधी तडकलेली काच

आदरणीय भाऊजी,

दोन्ही हात जोडून नमस्कार (लिहिण्यापुरता एक सोडवून घेतला आहे). तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईची कंबर? माझं बरं चाललं आहे, फक्त डाव्या कानात शिट्टी वाजते आणि डोकं चालेनासं झालं आहे. तुम्ही आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलंत, म्हणून तुम्हालाच विचारते: गोळी लागायच्या आधी काच तडकू शकते का?

लगेच 'नाही' म्हणू नका. मीही तेच म्हणत होते. मंगळवारी आमच्या चाचणी केंद्रात एक काचवाले काका आपली बुलेटप्रूफ काच घेऊन आले. दोन वर्षं खपून पाच थरांची केलेली, आणि गोधडीत गुंडाळून तान्ह्या बाळासारखी आणलेली. त्यांची मुलगी बँकेची रोकड नेणारी गाडी चालवते. तिच्या गाडीला हीच काच बसवायची, असा त्यांचा हट्ट. समोर बंदूक, अंगठा सहज आत जाईल एवढ्या नळीची. ती लोखंडी घोडीवर आवळलेली असते आणि आमचे बंदूकवाले मामा भिंतीआडून दोरी ओढतात (ओढताना डोळे गच्च मिटतात, आणि हा पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस!). माझं काम कॅमेऱ्याचं. तो सेकंदाला वीस हजार चित्रं काढतो. त्यामुळे एक सेकंद पाहायला तेरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात चहा गार होतो.

बार झाला. छपराची धूळ आमच्या केसांत. काच तडकली, पण गोळी आरपार गेली नाही. काकांना रडूच फुटलं, मामांनी त्यांना मिठी मारली, आणि परीक्षक बाईंनी (ज्या स्वतःच्या वाढदिवसालाही हसत नाहीत) चक्क हसून पेन उघडलं. मग मी चित्रण लावलं. गोळी नळीतून निघाली, गोगलगायीसारखी सरकत आली, काचेपासून अजून चांगली हातभर लांब होती, आणि काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून तडा निघून वर चालू लागला!

बाई म्हणाल्या, "परत लावा." सात वेळा लावलं. सातही वेळा काच आधीच घाबरली. मामा म्हणाले, आवाजाने. बाई म्हणाल्या, आवाज गोळीच्या मागून येतो. मग मामा म्हणाले, तुमच्या आवाजाने. तिथे चर्चा संपली. बाईंनी 'कारण अज्ञात, निकाल राखून' असं लिहिलं. काका गोधडीची घडी घालत बसले. तीच घडी, चार वेळा. मला बघवेना.

कळावे. लोभ आहेच, तो या खेपेस विज्ञानातून व्यक्त व्हावा.

तुमची गोंधळलेली
मेहुणी

ता. क. स्पष्टीकरण गुरुवारच्या आत पाठवा. चांगलं लांबलचक, दोन-तीन सूत्रं घातलेलं. पण त्यात 'नट' हा शब्द कुठेही येता कामा नये. काच चौकटीत हलत होती, म्हणून तो खालचा डावा नट मी पान्याने जरा जास्तच आवळला होता.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घातलं, पण पाकीट चिकटवेना. आत्ताच काकांकडे जाऊन सगळं सांगून आले. त्यांनी गोधडीची तीच घडी पाचव्यांदा घातली. मग हळूच म्हणाले, "पोरी, तू गेल्यावर त्याच नटाला मीही दोन पीळ दिले होते." आता दोघांनी मिळून बाईंपुढे कबूल करायचं आणि नव्या काचेची चाचणी मागायची, असं ठरलं आहे. आधी तोंड कोणी उघडायचं, यावर मात्र गाडी अडली आहे. तेव्हा स्पष्टीकरण तूर्त पाठवाच. दोन प्रती.