चार फिरत्या चाकांचा गाडा आणि इतर मालमत्ता

मी, अटिलिओ मारानो, वय एकोणऐंशी, साखर कारखान्यातला निवृत्त फिटर, राहणार इनिसफेल, नदीकाठचा रस्ता, हा कागद स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या पेनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. उद्या सकाळी हेलिकॉप्टरने मला टाऊन्सव्हिलच्या मोठ्या इस्पितळात नेऊन डॉक्टर ती उघडणार आहेत. उघडलेली प्रत्येक वस्तू परत नीट बसतेच असे नाही, हे मी जन्मभर यंत्रे उघडून शिकलो आहे. म्हणून हे काम आजच.

कलम १. उंच खांबांवर उभे असलेले माझे घर, खालच्या खांबांमधल्या वर्कशॉपसकट, माझी मुलगी इनेस हिला द्यावे. ती ऊसतोडणीची यंत्रे दुरुस्त करते आणि याच घरात राहते. मी कागद न करता गेलो तर घर दोन्ही मुलांत अर्धे-अर्धे होईल, रेनातो आपला अर्धा रोख मागेल आणि इनेसला घर विकावे लागेल. ते होता कामा नये. एवढ्याचसाठी हे लिहितो आहे. बाकीचे वाचले नाही तरी चालेल, पण वाचावे.

कलम २. बँकेतली शिल्लक माझा मुलगा रेनातो याला. तो ब्रिस्बेनला घरे विकतो. मागच्या ईस्टरला वर्कशॉपमध्ये उभा राहून मला म्हणाला, "बाबा, हे भंगार कधी काढताय?" त्याच्या भावनेचा मान राखून या भंगारातला एक स्क्रूसुद्धा त्याला देऊ नये. त्याच्या आईची पास्ता लाटायची फळी मात्र द्यावी. पोरांना तो अजून तिच्याच हातासारखा पास्ता करून घालतो, हे मला ठाऊक आहे.

कलम ३. हत्यारांची पेटी. सात खणांची आहे आणि भरली की चार माणसांना उचलत नाही. पूर आला की आमच्या खांबांमध्ये पाणी शिरते, आणि उंचावर घर एकच, समोरच्या डेस हॅलोरनचे. म्हणून मी पेटीखाली गाडा बांधला. कारखान्यातले जुने लोखंडी चॅनेल, म्हणजे पन्हळीच्या आकाराचे गज, कापून चौकट केली, कोपऱ्यांना आतून त्रिकोणी पट्ट्या वेल्ड केल्या. गाडा मुद्दाम बुटका ठेवला, कारण उंच गाडा कलंडतो. चार कोपऱ्यांना चार दणकट चाके, चारही फिरती, म्हणजे हव्या त्या दिशेला वळणारी, आणि पायाने दाबायचा एक ब्रेक.

डेस जन्माचा वेल्डर. तो येऊन बघून म्हणाला, "दोन फिरती लाव, दोन सरळ. नाहीतर उतारावर ही पेटी वरातीत नाचल्यासारखी नाचेल."

"आणि खांबांमधून वळवू कशी? तुझ्या सरळ चाकांसाठी घर बाजूला सरकवू?"

पुढच्याच पुरात आम्ही दोघे पेटी त्याच्या चढावर ढकलत होतो. मध्यावर ती आडवी झाली, खाली निघाली आणि डेसच्या नव्या होडीत जाऊन बसली. डेस म्हणतो, चाकांमुळे. मी म्हणतो, त्याने टोपी धरायला एक हात सोडला म्हणून.

"टोपी डोक्यावर असते म्हणून धरतात," तो म्हणाला. "तुला डोकं असतं तर चाकं सरळ असती."

त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. बोलणे बंद झाले तरी पूर बंद झाले नाहीत. दर वर्षी पाणी चढले की मी पेटी त्याच्या फाटकाशी आणतो. तो येतो, खालच्या बाजूने खांदा लावतो, गॅरेजचे शटर उचलतो आणि एक शब्द न बोलता घरात जातो. पेटी सुटली तर जिच्यावर येईल ती खालची बाजू नेहमी तोच घेतो.

परवा चढाच्या मध्यावर माझ्या छातीत कळ आली आणि हात सुटले. मी कसाबसा पायाने ब्रेक दाबेपर्यंत सगळे वजन डेसने एकट्याने खांद्यावर पेलले. त्याची टोपी पाण्यात पडून वाहून गेली. त्याने पेटी सोडली नाही. याच्याइतका भला माणूस या रस्त्यावर दुसरा नाही, आणि इतका हट्टीही नाही, मी सोडून.

<s>सबब पेटी, हत्यारे आणि गाडा डेस हॅलोरन याला द्यावा. अट एकच, एकही चाक बदलू नये. बदलल्यास सर्व काही इनेसकडे जावे.</s>

कलम ४. डेसच्या होडीबद्दल मला काहीही म्हणायचे नाही.

कलम ३ मधला शेवटचा मजकूर का खोडला, याचा खुलासा. कागद कायद्याने चालायला दोन साक्षीदार हवेत. एक नर्स टॅरिन, माझ्या उशाशीच बसली आहे. पूल पाण्याखाली आहे, इनेस पलीकडच्या काठावर अडकली आहे आणि शेजार उठून शाळेच्या इमारतीत गेला आहे. टॅरिनने जिन्यावरून हाक मारली, तेव्हा डेस कमरेएवढ्या पाण्यातून आला. कागद पाहून टॅरिन म्हणाली, "काका, ज्याला काही मिळणार त्यानंच साक्ष घातली तर त्याचं देणं बाद होतं. माझ्या आजोबांच्या वेळी हेच झालं होतं."

डेसने उभ्याउभ्या वाचले. कलम तीन दोनदा वाचले. इतक्या वर्षांनी मी त्याच्याशी पहिला शब्द बोललो. "आता रे?"

"खोड."

"पेटी नकोय तुला?"

"हवीय. तू आणलीस त्या दिवसापासून हवीय. खोड म्हणतो ना, म्हाताऱ्या! मी सही केली नाही तर पोरीचं घर जाईल."

"सकाळपर्यंत दुसरा कुणी मिळेल."

"कोण? नदीतली मगर येऊन सही करणार आहे?"

मी खोडले. खोडताना मला रडू आले, टॅरिननेही पाहिले. आता पेटी, हत्यारे आणि गाडा इनेसला द्यावा. चाकांची अट डेसने बोट ठेवून खोडायला लावली. त्यावर आमचा वाद सुरू आहे. मी परत आलो तर तो पुढे चालू राहील.

ठिकाण: इनिसफेल, माझ्या घराचा वरचा मजला, पाणी पाचव्या पायरीवर.
दिनांक: ४ फेब्रुवारी २०१९.

सही: अटिलिओ मारानो

साक्षीदार: टॅरिन मॅकब्राइड, नर्स

साक्षीदार: डेस हॅलोरन, निवृत्त वेल्डर. या कागदातून याला काहीही मिळत नाही. वाचून, समजून आणि पेटी हवी असूनही सही केली.