मिसरीची डबी

प्रिय अक्का,

तू गेल्याला तीन वर्षं झाली. एवढ्या काळात तुला कधी लिहिलं नाही. माझं सगळं बोलून झालंय, असंच मी समजत होते. आज दुपारी सोलापूरहून धाराशिवला परतले आणि चप्पलही न काढता वही उघडली. अक्का, आम्ही तुला केवढं दोषी धरलं गं!

तुझ्या गौरीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. मागं तिच्या गळ्याला बारीक गाठ लागली होती. घाबरू नकोस, गाठ साधी निघाली. पण सोलापूरच्या डॉक्टरबाई गाठ सोडून तिच्या डोक्याकडंच बघत बसल्या. टेपनं तिचं डोकं मोजलं. मग माझंही!

"तुमच्याकडं लग्नात बाशिंग बसत नसेल कुणाला," बाई म्हणाल्या.

मी हसले. तुझं बाशिंग आठवलं. दोरा पुरेना म्हणून आत्यानं परकराची नाडी जोडली होती, आणि अण्णा मांडवभर सांगत होते, "आमच्यात अक्कल लई, जागा लागती तिला!"

मग बाईंनी विचारलं, हिची आई कशानं गेली? मी म्हणाले, छातीच्या कॅन्सरनं. "तिच्या हिरड्यांवर बारीक दाणे होते का?"

माझं हसू तिथंच गोठलं. तुला कधी न पाहिलेल्या बाईला तुझ्या हिरड्या कशा ठाऊक? होतेच ना दाणे! आम्ही म्हणायचो, तंबाखू भाजून दाताला लावतेस, त्या मिसरीनं आलेत.

आज रिपोर्ट समोर ठेवून बाईंनी समजावलं. प्रत्येक पेशीत एक जनुक असतं, त्याचं काम ब्रेकचं. पोटातल्या बाळाचा मेंदू घडताना पेशी किती वाढाव्यात, कशा जुळाव्यात, यात त्याचा हात असतो. पुढं जन्मभर छातीत, गळ्यात पेशींना आवर घालणारंही तेच. हा ब्रेक जन्मापासून अर्धा निकामी असला, तर कुणाचं डोकं मोठं होतं, कुणात गौरीसारखी स्वमग्नता येते, कुणाला पुढं कॅन्सर गाठतो. एकाच घरात प्रत्येकाचं निराळं. गौरीत तो बदल सापडला. दाजींच्या रक्तात नाही; वर तुझं मोठं डोकं, हिरड्यांवरचे दाणे, छातीचा कॅन्सर. म्हणजे जवळजवळ नक्की तो तुझ्यातही होता.

एकच जनुक, अक्का! पोरीचं न बोलणं आणि तुझं मरण, दोन्हीच्या मुळाशी!

पण थांब. "तुझ्याकडून आलं" असं लिहून मी पुन्हा तुझ्यावरच ढकलतेय का? तू काही दिलं नाहीस. तुलाही ते न विचारताच मिळालं होतं.

सगळ्यात जास्त कशानं हादरले, सांगू? दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच, हे आम्हीही धरलंच होतं. तुझी डबी! गौरी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा सास्तूरला तुझ्या सासूबाई भरल्या ओसरीत म्हणाल्या, "पोटुशी असताना बी डबी सुटली न्हाय हिची. पोरगी अशी होणार न्हाय तर काय!" तू खाली मान घालून गौरीचे केस विंचरत राहिलीस. का नाही बोललीस गं? आणि मी तरी कुठं बोलले?

मी तर पुढं गेले. तुझी गाठ कॅन्सरची निघाली त्या दिवशी दवाखान्यात मी म्हणाले, "कितीदा सांगितलं होतं, सोड म्हणून." या वहीत त्या दिवशीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे, "अक्कानं ओढवून घेतलं." शिकलेली मी! शेवटच्या आठवड्यात तू चिमूटभर मागितलीस. म्हणालीस, "सुमे, आता काय व्हायचं राहिलंय?" मी डबी पदराआड धरली. मिसरी वाईटच, ते आजही म्हणेन. पण त्या दिवशी मला तुझी काळजी होती, की शिक्षा करायची होती? खरं उत्तर मला माहीत आहे.

ती डबी आता गौरीकडं असते, रिकामी. उघडते, वास घेते, मिटते. रक्त काढताना ती मुठीतच होती, म्हणून तिनं सुई टोचू दिली.

परतीच्या वाटेवरच दाजींना फोनवर सगळं सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजी तिची चूक न्हवती? दोन्हीत बी?"

"नव्हती, दाजी."

"मग आईला कुणी सांगायचं?"

मी सांगणार आहे, अक्का. या रविवारी सास्तूरला जाईन, त्याच ओसरीत बसेन, आणि तेव्हा जे बोलले नाही ते सगळ्यांदेखत बोलेन. माझं जुनं पान फाडणार नाही. त्याच्याखाली आजची तारीख घालून खरं काय ते लिहीन. दर वर्षी गौरीच्या गळ्याची सोनोग्राफी करून आणीन. तिला मानेला हात लावलेला खपत नाही, म्हणून आधी माझी मान पुढं करीन. तसंही माझं डोकं तुझ्याच मापाचं निघालं. माझंही रक्त आज तपासायला देऊन आले. हातातून सुई निघेपर्यंत तुझ्या लेकीनं डबी माझ्या मुठीत दिली होती.

तुझी,
सुमी