भजन संपल्यावरची खरखर

प्रिय नितेश,

तुझी आजी अजून जिवंत आहे, एवढी आठवण करून दिलेली बरी. मागच्या महिन्यात फोनवर तू विचारलंस, आजी, तबकडी चांगली की मोबाईल, नीट विचार करून सांग. मग विचारल्याचंच विसरून गेलास. मी आपली विचार करत बसले. म्हातारीला काम सांगून मोकळं व्हायचं, ही तुमच्या खानदानाची रीतच आहे. पत्र शेजारची माया लिहून राहिली आहे. ती शाळेत मराठी शिकवते, म्हणून मी ‘मले’ म्हटलं की ‘मला’ लिहिते. मी तिले दम दिला, दोन-चार ठिकाणी तरी माझी बोली राहू दे, नाहीतर पोराला वाटेल आजी पुण्याला शिकून आली.

आधी खर्चाचं. तू म्हणालास, नवं यंत्र चाळीस हजारांचं, त्याची सुई वेगळी घ्यायची, अन् मोबाईलवर मात्र महिन्याला एका पिशवी भाजीच्या पैशात दुनियेची गाणी. मग यंत्र काहून घेतलं रे, असं विचारलं तर म्हणालास, तबकडीत आवाजाची लाट जशीच्या तशी कोरलेली असते, मोबाईल तिचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडतो. मला त्यातलं इतकंच कळलं की तबकडी म्हणजे अख्खी भाकर आणि मोबाईल म्हणजे कुस्करा. दात पडलेल्या बाईला कुस्कराच बरा, असं मी सांगणार होते. पण आबाजींच्या तबकडीचं तसं नव्हतं. नव्हतं म्हणते, कारण ती गेली. बघ, एवढं सांगायला मला किती फिरून यावं लागलं.

तुझ्या आबाजींचा आवाज असलेली ती एकच चीज. अमरावतीला तबकड्यांच्या कंपनीची माणसं आवाज भरायचं यंत्र घेऊन आली होती. त्यांच्या भजनी मंडळातले सगळे खंजिऱ्या घेऊन बसले, आणि मी डबा घेऊन गेलेली, म्हणून कोपऱ्यात बसले. तबकडीवर त्यांचं नाव छापलं आहे म्हणतात. मला वाचता येत नाही, अन् आलं असतं तरी तोंडानं घेता आलं नसतं. आमच्या वेळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि नवराही बायकोचं घेत नसे. त्यांच्यासाठी मी जन्मभर ‘अवं’ होते, फार झालं तर ‘ऐकलं का’.

मागच्या दिवाळीत तू ती तबकडी मित्राकडे नेऊन मोबाईलमध्ये भरून आणलीस आणि माझ्या कानात ती बोंडं घातलीस. काय साफ आवाज! वाटलं, आबाजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले आहेत. भजन संपलं आणि मी थांबून राहिले. पुढे काहीच नव्हतं. तू म्हणालास, शेवटचा खराब तुकडा कापला, अन् मूळचं अख्खं भरलेलं फार जागा खात होतं म्हणून पुसून टाकलं. मी छान म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तबकडी कपाटात होतीच.

तो खराब तुकडा काय होता ते सांगते. भजन संपलं, आबाजींना वाटलं यंत्र बंद झालं. घसा सुकलेला. त्या खरखरीत ते हळूच म्हणतात, गोदे, पाणी दे वं. बस, इतकंच. माया पेन थांबवून माझ्याकडे पाहून राहिली. लिही वं माया, त्यात काय एवढं. लग्न झाल्यावर त्यांनी माझं नाव घेतलं ते तेवढंच. घरी येऊन मी चिडवलं तर म्हणाले, मी म्हटलंच नाही. दरसाल त्यांच्या पुण्यतिथीला तुझी माय जुन्या यंत्रावर तबकडी लावायची. भजन संपलं की सगळे नमस्कार करून उठायचे, ती सुई उचलायला यायची. मी म्हणायची, राहू दे रागिणी, आपोआप थांबते. खरखरीत दुसऱ्या कोणाला काही ऐकू येत नसे.

मग नवं यंत्र येणार म्हणून तूच तिला फोनवर सांगितलंस, तबकडी साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवून ठेव. तिनं लेकाचं ऐकलं. अन् आपल्याकडे वाळवायचं म्हणजे गच्चीवर. कुरडयांच्या शेजारी, स्वच्छ धोतरावर, तिनं ती प्रेमानं मांडली. अकोल्याचं मे महिन्याचं ऊन! दुपारी आणायला गेली तर कड पापडासारखी वर आलेली. वरवंटा ठेवून पाहिला, पाटा ठेवून पाहिला. सुई बसते अन् घसरते. मी कोणाला रागवू, सांग. तू चांगल्यासाठी पुसलं, तिनं चांगल्यासाठी वाळवलं. उन्हाशी भांडायला गच्चीवर चढायचे माझे गुडघे राहिले नाहीत.

फोनवर सांगितलं असतं, पण माझा फोन तुझी मायच लावून देते, आणि माझ्यासारख्या बहिरीसाठी स्पीकरवर ठेवते. तिला वाटते फक्त तबकडी वाकली, आवाज मोबाईलमध्ये सुखरूप आहे. तरी तू चिडशील म्हणून दोन दिवस धड जेवली नाही. खरं कळलं तर जन्मभर स्वतःला बोल लावेल. म्हणून हे पत्र. टपालाला वेळ लागतो, माया फोटो काढून आजच पाठवते. वाचून पुसून टाक, ते तुला जमतं. तिचा फोन आला की हसून म्हण, जाऊ दे माय, मोबाईलमध्ये आहे ना. मले कोणी विचारलं तर मीही तेच सांगीन, मोबाईलच चांगला, स्वस्तही अन् साफही. यंत्र परत घेत असतील तर देऊन टाक, आणि तुझ्या मायच्या नावानं हापूसची एक पेटी धाड. पिकलेला नको, गाडीतच त्याचा रस होईल. कडक, हिरवाच पाठव. अढी मी घालीन, पहिला आंबा तिच्या हातात मी देईन.

तुझीच,
आजी