उजेडाचं कपाट

बुधवार, ता. १२

प्रिय चिमे,
अनेक आशीर्वाद.

मेहुण्यांचा गुडघा काय म्हणतो? जिना चढू देतो, की अजून रुसलेलाच? थोरलीचा खोकला हटला का? धाकटीचा फुटका चष्मा नवा झाला असेलच. आणि तू? सगळ्यांचं लिहितेस, स्वतःचं तेवढं गिळतेस.

माझी या वयात कपाटात रवानगी झाली आहे. हसू नकोस. सोरायसिसच्या खपल्या हातांवरून पाठभर पसरल्या, मलमांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी प्रकाशोपचार सांगितला. माणसाएवढं कपाट, आत चारी बाजूंनी उभ्या नळ्या. काळा चष्मा चढवून, नुसत्या चड्डीवर उभं राहून निळा उजेड अंगावर घ्यायचा. पहिल्या दिवशी अर्धं मिनिटही नाही. म्हटलं, "बाई, एवढ्यात माझा सुईत दोरासुद्धा ओवून होत नाही!"

"कातडीला सवय होऊ द्या काका. घाई केलीत तर भाजाल."

ही उपचारवाली मुलगी म्हणजे सोनं आहे. दर खेपेला पाठ निरखते, लाली आली का विचारते, वहीत लिहिते, मगच चार सेकंद वाढवते. पाठ आता बरीच निवळली आहे.

आठव्या खेपेला मी शहाणपणा केला. नेहमीची चड्डी ओली होती, म्हणून आखूड घातली आणि तिला सांगितलं नाही. संध्याकाळी मांडीवर चार बोटं रुंद लालबुंद पट्टा! पुढच्या खेपेला तिने असा दम भरला, की काय सांगू. "जन्मभर शिंपीकाम केलंत ना? मग चड्डी चार बोटं आखूड आहे, हे कळलं नाही? इतके दिवस झाकून ठेवलेल्या कातडीला एकदम एवढा उजेड सोसेल का?"

मलम लावताना तिचे हात पाहिले. कोपरापासून नखांपर्यंत कोडाचे डाग, आणि बाह्या आखूड. मी जरा जास्तच पाहिलं असणार. म्हणाली, "मीही याच कपाटात वर्षभर उभी राहिले. चेहरा भरला, बोटं नाही भरली. बोटांचं काय अडलंय काका? कामं करतात."

चिमे, मला मान वर करवेना. माझ्या लग्नात, ऐन उन्हाळ्यात, मी तुला बंद गळ्याचा, मनगटापर्यंत बाह्यांचा झगा शिवून घातला. तू म्हणालीस, "छान शिवलायस, दादा." फोटोच्या वेळी तुला मागच्या रांगेत उभं केलं. उंच आहेस म्हणून, असं सांगितलं.

उंच नव्हतीस तू. मला तुझ्या अंगावरच्या कोडाची लाज वाटली होती. सासरी गेल्यावर तू कधी इथे मुक्कामाला आली नाहीस, आणि मी कामाचं निमित्त पुढे करून कधी विचारलं नाही. आता माझे हात बघून एखादं गिऱ्हाईक कापड परत नेतं, तेव्हा कुठे अक्कल आली.

उपचार घ्यायला ये, असं म्हणत नाही. अंग तुझं, मर्जी तुझी. विचारावंसं वाटलंच तर ती मुलगी खरं तेच सांगेल. मी नुसतं तुला बोलावतो आहे. ये, राहा, मला तोंडावर चार शब्द सुनव. यायचं नसेल तर तसं लिही. रागावून लिही, पण लवकर लिही.

माफी मागायला फार उशीर केलेला,
तुझा दादा